शुक्रवारी सकाळी सातला

मी आयुष्यात एकदाही फुटबॉलला लाथ मारलेली नाही. गोल म्हणजे काय हे कळत होतं, पण ऑफसाइड काय असतं ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही. तरीही सत्तर-ऐंशीच्या दशकांत नाशकातला बराचसा फुटबॉल कोणत्या वारी आणि किती वाजता व्हायचा, हे माझ्या टेबलावर ठरत असे. आजही जुन्या ओळखीचं कुणी भेटलं की गमतीनं विचारतं, "पगारेबाई, मॅच ठेवायला सगळ्यात चांगला दिवस कोणता?" मी विचारते, कुणासाठी? त्या प्रश्नाला दुसरं उत्तर मला सापडलेलं नाही.

मी गावातल्या एका कचेरीत मैदान विभागात कारकून होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल, भिंतीवरचं कॅलेंडर आणि रामभाऊ नावाचे एक माळी. मैदानाला कारकून कशाला लागतो, असं माझ्या माहेरच्यांनाही वाटायचं. पण मोकळी जागा दिसली की ती प्रत्येकाला हवी असते. दिवाळीच्या सुमारास सर्कस यायची. थंडीत क्रिकेटवाले. निवडणुका आल्या की सभा. उन्हाळ्यात कुस्त्या, लग्नं, कुणा बाबांची प्रवचनं. सर्कशीचे तंबू उठले की जमिनीत खुंट्यांची भोकं राहत, ती रामभाऊ मुरूम घालून बुजवत. कुणाला कोणती तारीख द्यायची, कुणाचं उठल्यावर कुणाला बसवायचं आणि मध्ये मैदानाला किती दिवस विश्रांती द्यायची, हे माझं काम.

या सगळ्यांतून उरला पावसाळा. चिखलात कुणालाच यायचं नसे, म्हणून पावसाळा फुटबॉलला मिळाला. फुटबॉलवाल्यांना मात्र ते मैदान आपल्याला मानानं दिलंय असं वाटायचं, आणि मी त्यांचा तो समज कधी मोडला नाही.

त्यांचे सेक्रेटरी होते साळवे सर. शरणपूर रस्त्याकडच्या एका शाळेत ते व्यायाम शिकवत. उंच, काळेसावळे, गळ्यात कायम शिट्टी. ती काढायला विसरून ते तसेच रविवारी चर्चलाही जात, असं त्यांची बायको सांगायची. 'पावसाळी ढाल' नावाची स्पर्धा त्यांच्या मंडळानं सुरू केली होती. ढाल लाकडाची आणि पत्र्याची, पण जिल्ह्यातल्या संघांना ती आपल्याकडे असावी असं फार वाटे. देवळाली कॅम्पातल्या जवानांचा संघ, नाशिकरोडच्या कामगारांचा, सातपूरच्या कारखान्यांतल्या पोरांचा, लासलगावच्या हमालांचा, मालेगावच्या विणकरांचा. साळवे सरांनी पहिल्या वर्षी मला अर्ज दिला तो सगळ्या रविवारांचा, दुपारी साडेचारचा. मी दिले. रविवार सगळ्यांचाच मोकळा, असं मलाही वाटत होतं.

त्या वर्षी निम्म्या मॅच झाल्याच नाहीत. एक संघ यायचा, कपडे बदलून उभा राहायचा, दुसऱ्याचा पत्ता नसायचा. पंच घड्याळ बघून शिट्टी वाजवत आणि आलेला संघ न खेळता जिंके. याला वॉकओव्हर म्हणतात हे मी तेव्हा शिकले. जिंकलेले त्यात खूश असतील असं मला वाटलं होतं. पण सायकली काढून घरी जाताना त्यांचे चेहरे हरलेल्यासारखे असत. उपांत्य सामन्याला मालेगावचा संघ आला नाही, आणि तेव्हा साळवे सर कचेरीत माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. रडायचेच बाकी होते. मी त्यांना म्हटलं, सर, आपण त्यांना विचारलं का, त्यांना कधी जमतं ते? ते म्हणाले, विचारायचं काय त्यात, रविवार आहे.

मग आम्ही विचारायला लागलो. पोस्टकार्डं पाठवली, माणसं भेटली. सातपूरच्या कारखान्यांना वीज वारांनुसार वाटून मिळायची, म्हणून शनिवारी सुट्टी असते हे माझ्या घरातच माहीत होतं, कारण आमचे मिस्टर तिथेच नोकरीला होते. पण फुटबॉलशी त्याचा संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नाशिकरोडवाल्यांच्या पाळ्या आठवड्याला फिरायच्या. लासलगावचा कप्तान बाळू हमाल स्वतः भेटायला आला. तो म्हणाला, "बाई, आमाला लय आवडतं खेळायला. पण रविवारी लिलाव नसला तरी वॅगनी भराव्या लागत्यात. आमची खरी सुट्टी आवसेला." अमावास्येला कांद्याचे व्यवहार होत नाहीत, म्हणून त्या दिवशी सगळा बाजार थंड. झालं, दुसऱ्या वर्षी माझ्या टेबलावर पंचांग आलं. मी आंबेडकरी घरातली, साळवे सर ख्रिस्ती, आणि आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून आषाढातली अमावास्या कधी ते शोधत होतो. रामभाऊ चुन्याची पाटी घेऊन दारात उभे राहिले आणि आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "द्या इकडं, मी सांगतो."

आणि मालेगाव. मालेगावात माग बंद राहतात ते शुक्रवारी. बाकी दिवशी माग सोडून आलं तर ती रोजी जाते आणि मालक दुसरा माणूस उभा करतो. पहिल्या वर्षी रोजी बुडवून ते उपांत्य फेरीपर्यंत आले, पुढे परवडलं नाही. इतकी साधी गोष्ट होती. आम्ही त्यांच्या मॅच शुक्रवारी संध्याकाळी लावल्या. ते सकाळच्या बसनं यायचे, जुन्या नाशकात दुपारचा नमाज पढायचे आणि साडेचारला मैदानात हजर. त्यांचा खेळ बघायला मग मीही कचेरीतून येताना थांबू लागले. बुटक्या, काटक पोरांचा संघ होता, पण चेंडू त्यांच्या पायाला चिकटल्यासारखा राही. कप्तान हनीफभाई. वयानं तिशीपुढचे, दाढीत एकदोन पांढरे केस, मागच्या फळीत खेळायचे. मैदानात ते ओरडत नसत. हात वर करून बोटानं दाखवत, आणि पोरं तिथे जात.

ते दुसरं वर्ष. मालेगाव पुन्हा उपांत्य फेरीत पोचलं. समोर देवळालीचे जवान. कार्यक्रमाप्रमाणे मॅच जुलैतल्या शुक्रवारी साडेचारला होती. सगळं जमून आलंय अशा थाटात मी कागद टाइप करून पाठवून दिला, आणि आठवड्याभरात हनीफभाई कचेरीत आले.

ते उभेच राहिले. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकले. मी चहा सांगितला तर म्हणाले, बाई, चहा नको. त्यांचे ओठ सुकलेले दिसले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रमजान सुरू झाला होता. त्या वर्षांत रमजान ऐन पावसाळ्यात यायचा. पहाटे साडेचारच्या सुमाराला जेवून घेतलं की दिवस मावळेपर्यंत, म्हणजे संध्याकाळी सात वाजेपर्यंत, पाण्याचा थेंब नाही. आणि आम्ही त्यांना साडेचारला, दिवसभराच्या उपाशीपोटी, सैन्यातल्या जवानांसमोर पळायला बोलावलं होतं.

मला वाटलं, ते नाव मागे घ्यायला आलेत. तसं बोलणं त्यांच्या मोहल्ल्यात झालंही होतं. वडीलधारे म्हणत होते, या महिन्यात खेळ कशाला. हनीफभाई मात्र मला शांतपणे म्हणाले, "बाई, रोजा सोडून आम्ही खेळणार नाही. आणि रोजा आहे म्हणून खेळ पण सोडणार नाही. तुम्ही बोलाल त्या टाइमला येतो. फक्त पोरं पडली, तर लोकांनी हसू नये एवढं बघा."

मी विचारलं, तुमच्या मनानं कोणती वेळ बरी? असं कुणी त्यांना विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. मग म्हणाले, सकाळी. पहाटेची सहरी खाऊन झाली की दोन-तीन तास अंगात जोर असतो. सातला सुरू केली तर आम्ही बरोबरीनं खेळू.

दिसायला ही एका ओळीची दुरुस्ती होती. पण ती करायची तर बरंच काही हलवावं लागणार होतं. ईदनंतर मॅच ढकलावी, तर जवान तोवर सरावासाठी बाहेर जाणार होते आणि मैदानात पंधरा ऑगस्टची तयारी सुरू होणार होती. शुक्रवारी सकाळी मैदान मीच एका मुलींच्या शाळेला कवायतीसाठी दिलं होतं. आणि या सगळ्यावर होते मंडळाचे अध्यक्ष, वकीलसाहेब.

वकीलसाहेब वाईट माणूस नव्हते. तरुणपणी स्वतः खेळलेले, गुडघा मोडल्यापासून काठी घेऊन चालत. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. नियम सगळ्यांना सारखे. मालेगावसाठी वार बदलला, आता वेळही बदलायची, उद्या आणखी कुणी येईल. शिवाय शुक्रवारी सकाळी सातला मॅच बघायला येणार कोण? माणसं कामावर जाणार की मैदानात येणार? साळवे सर त्यांच्यासमोर नेहमी गप्प बसत. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, साहेब, सारखा नियम म्हणजे दोघांना सारखं खेळता येईल असा नियम ना? वकीलसाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शेवटी म्हणाले, समोरच्या संघाची लेखी संमती असेल तर बघू. ती येणार नाही याची त्यांना बहुधा खात्री होती, कारण संध्याकाळची मॅच जवानांच्या फायद्याची होती.

मी आणि साळवे सर देवळालीला गेलो. मला कॅम्पात जायची भीती वाटत होती. फाटकावर आमची नावं लिहून घेतली, बराच वेळ उभं केलं, आणि मग त्यांच्या संघाचे सुभेदार गुरुंग आले. ठेंगणे, गोरटेले, छोट्या डोळ्यांचे. साळवे सरांनी सगळं समजावून सांगितलं. सुभेदारांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सर थांबल्यावर म्हणाले, "सुबह छह बजे तो हम वैसे भी दौड़ते हैं. सात बजे ठीक है." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शाम को वो प्यासा आदमी गिरेगा, हम गोल मारेगा. ऐसा गोल मारके हम करेगा क्या?" त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं आणि आम्हाला पितळी पेल्यातून चहा पाजला.

मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. कवायत हलवायला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. मुलींना त्या दिवशी मॅच बघायला बसवणार. मी म्हटलं, आनंदानं.

राहायचा प्रश्न उरला. मालेगावची मंडळी गुरुवारी संध्याकाळी माग सोडून निघणार, नाशकात पोचेपर्यंत अंधार पडणार. साळवे सरांनी शाळेतला एक वर्ग उघडून द्यायचं ठरवलं. पण पहाटेचं जेवण? त्या वेळी खाणावळ उघडी नसते. मी हे घरी बोलले ते नुसतं सांगायचं म्हणून. सासूबाई भाकरी थापत होत्या. मूळच्या त्या विंचूरकडच्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या कांद्यात राबलेल्या, लिहिणं-वाचणं नाही. त्यांनी विचारलं, किती पोरं हायेत? मी म्हटलं, पंधराएक. त्या म्हणाल्या, "मंग त्यात इचारायचं काय? उपाशी पोरं खेळायला जात्यात का कुठं? मी करीन." मी म्हटलं, आई, त्यांचं वेगळं असतं, ते खातील की नाही ठाऊक नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "आपल्या हातचं कोन खातं नि कोन नाय, ते म्या लय बघितलंय. त्यांना इचार तर खरं."

मी हनीफभाईंना तसं कळवलं. उलट निरोप आला, घरात असेल ते, फक्त जास्त तिखट नको, नंतर पाणी पिता येत नाही.

त्या पहाटे सासूबाईंनी स्टोव्हवर तुरीचं वरण आणि चुलीवर बाजरीच्या भाकऱ्या केल्या. पावसाळ्यात बाजरी कशाला, म्हणून मी बोलले, तर म्हणाल्या, बाजरी पोटात दिवसभर टिकते. मिस्टरांनी सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे लावले आणि आम्ही त्या वर्गात पोचलो. साळवे सरांच्या बायकोनं दूध आणि केळी आणली होती. बाकांवर पोरं जेवायला बसली. सासूबाई पदर खोचून त्यांच्यामधून फिरत होत्या, नको म्हणणाऱ्याच्या ताटात भाकरी टाकत होत्या, आणि कुणी थांबला की पाण्याचा तांब्या पुढे करत होत्या. पी, आणखी पी, नंतर नाय मिळायचं. अजानची वेळ झाली तसे सगळे एकदम थांबले. एका पोराच्या हातात घास तसाच राहिला होता, तो त्यानं खाली ठेवला. सासूबाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मग डोळे पुसून ताटं गोळा करायला लागल्या.

आणि पाच वाजता पाऊस आला. साधा पाऊस नव्हता. मैदानावर पोचलो तेव्हा एका बाजूच्या गोलसमोर गुडघ्याएवढं नसलं तरी घोट्याच्या वर पाणी होतं. पंच म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड. शिस्तीचे. त्यांनी चेंडू पाण्यात टाकून बघितला, तो तिथेच बसला. ते म्हणाले, खेळता येणार नाही, संध्याकाळी बघू.

संध्याकाळी. जी टाळायला एवढं सगळं केलं तीच वेळ. हनीफभाई एकदम म्हणाले, ठीक आहे, संध्याकाळी खेळू. ते इतक्या सहज म्हणाले की मला त्यांचा रागच आला. पंचांशी भांडायचा मला अधिकार नव्हता, पण मैदान माझं होतं. मी म्हटलं, तुमचा निर्णय आठ वाजता द्या. तोवर मैदान माझ्या ताब्यात आहे, मी ते कोरडं करायचा प्रयत्न करते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

रामभाऊंनी फावडं घेऊन कडेला चर काढायला घेतला. ते एकटे किती काढणार? तेवढ्यात जवानांचा ट्रक आला. सुभेदार गुरुंगांनी पाणी बघितलं, कुणाला काही विचारलं नाही, मागे वळून एक हुकूम दिला. जवानांनी बूट काढले, ट्रकमधल्या बादल्या घेतल्या आणि रांग लावली. मालेगावची पोरं धावली तर त्यांनी त्यांना हातानं मागे सारलं. तुम्ही बसा, दम राखून ठेवा. मिस्टर सायकलवरून जवळच्या लाकडाच्या वखारीत गेले आणि हातगाडीवर भुशाची पोती घेऊन आले. शाळेच्या मुली रांगेत येऊन पोचल्या होत्या, त्यांनी ओंजळीओंजळीनं भुसा पसरायला सुरुवात केली. मुख्याध्यापिका छत्री धरून उभ्या होत्या, त्यांनी अडवलं नाही.

आणि मग सायकली दिसायला लागल्या. सातपूरची रात्रपाळी सुटली होती. या माणसांनी आजवर एकही मॅच बघितली नव्हती, कारण संध्याकाळच्या मॅचच्या वेळी ती कामावर निघायच्या तयारीत असत. सातला सुरू झाली असती तर अर्धी मॅच त्यांना मिळाली नसती. उशीर झाला म्हणून ती वेळेवर पोचली होती. त्यांच्यामागून दूधवाले आले, रिकाम्या पाट्या घेऊन परत निघालेले भाजीवाले आले. मैदानाच्या कडेनं सायकलींची भिंत उभी राहिली. वकीलसाहेब काठी टेकत आले आणि ती गर्दी बघत एका जागी थांबले.

आठ वाजता पंचांनी पुन्हा चेंडू टाकला. तो थोडासा उसळला. त्यांनी शिट्टी वाजवली.

मॅचचं वर्णन मला करता येत नाही. मला आठवतं ते असं. पहिला गोल मालेगावनं केला. त्यांच्या सगळ्यात लहान चणीच्या पोरानं, भुशात घसरत. मुली इतक्या ओरडल्या की पंचांनी मागे वळून बघितलं. मध्यंतर झालं. जवानांसाठी लिंबूपाण्याची बादली आणली होती. ते सगळे बादली उचलून ट्रकच्या पलीकडे गेले आणि तिकडे प्यायले. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या शेजारी वकीलसाहेब उभे होते, त्यांनीही ते बघितलं.

मध्यंतरानंतर मालेगावचे पाय जड झाले. जवानांनी बरोबरी केली. हनीफभाईंच्या पोटरीत गोळा आला आणि ते आडवे झाले. मी गर्दीकडे बघितलं, कुणी हसतंय का म्हणून. कुणी हसलं नाही. ज्या जवानाला त्यांनी अडवलं होतं तोच त्यांचा पाय धरून ताणत बसला. ते उठले, लंगडत पुन्हा आपल्या जागी गेले. शेवटी शेवटी जवानांनी दुसरा गोल मारला आणि मॅच संपली. मालेगाव हरलं.

साळवे सर तोंड फिरवून चुन्याच्या पाटीशी चाळा करत राहिले. मी हनीफभाईंपाशी गेले. ते चिखलात मांडी घालून बसले होते. त्यांच्या तोंडावर मात्र हसू होतं. म्हणाले, "बाई, मागच्या साली आम्ही घरी बसून हरलो होतो. आज खेळून हरलो."

तेवढ्यात सुभेदार आले आणि त्यांनी हात देऊन हनीफभाईंना उठवलं. वकीलसाहेबांनी दोन्ही संघांशी हस्तांदोलन केलं. जाताना ते साळवे सरांना म्हणाले, पुढच्या वर्षी कार्यक्रम छापायच्या आधी सगळ्या संघांना पत्रं टाका, कुणाला काय अडचण आहे ते विचारून घ्या. आम्ही ते आधीपासूनच करत होतो, पण सरांनी वहीत लिहून घेतल्यासारखं केलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी ते काम केलं. रमजान सरकत सरकत उन्हाळ्यात गेला, पण मालेगावच्या मॅच शुक्रवारी सकाळी ठेवायची पद्धत पडून गेली, कारण रात्रपाळीचे लोक मागायचे. गुरुवारी रात्री संघ यायचा आणि पहाटे सासूबाई डबे भरायच्या. रोजे नाहीत, आता कशाला, असं मी एकदा म्हटलं तर त्यांनी माझ्याशी दिवसभर बोलणं टाकलं. पुढे घरोघरी टीव्ही आला आणि रविवार सकाळ तर मैदानावरून साफ उठली. मालिका लागली की रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. मंडळातले लोक हळहळले, मला फारसं वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या मुख्याध्यापिकांनी नंतर एकदा विचारलं होतं, आमच्या मुलींची एक मॅच लावता येईल का? मी हो म्हटलं, साळवे सरही हो म्हणाले. पण कधी मैदान नव्हतं, कधी समोर संघ नव्हता. मी नोकरीत असेपर्यंत ते झालं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं असताना सासूबाई गेल्या. म्हातारपणच होतं, फार त्रास झाला नाही. त्यांच्या आठवणीतला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कधी ठेवायचा यावर घरात बोलणं झालं. दीर आणि नणंदा म्हणाल्या, रविवारी ठेवू, नोकरीवाल्यांना येता येईल. मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "शुक्रवारी ठेवू. दुपारी तीननंतर." नणंद म्हणाली, कामाच्या दिवशी कोण येणार? ते म्हणाले, ज्यांना आईनं जेवू घातलंय ते येतील.

मी मालेगावला निरोप पाठवला होता, पण येतीलच असं धरलं नव्हतं. जुना संघ तेव्हा केव्हाच मोडला होता. हनीफभाईंचं खेळणं सुटलं होतं, डोळ्यांना चष्मा लागला होता. तीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या टोप्या दिसल्या. जुन्या नाशकात नमाज पढून ते चालत आले होते. त्या वेळची सात-आठ पोरं, आता बाप्ये झालेली. चिखलात पहिला गोल मारणाऱ्याच्या कडेवर त्याची मुलगी होती. ते मांडवात मागच्या बाजूला बसले. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा आमच्याबरोबर उभे राहिले आणि संपेपर्यंत हात जोडून उभे होते.

नंतर सगळ्यांची पानं मांडली. हनीफभाई माझ्या मिस्टरांशी थोडं बोलले, मग माझ्याकडे वळले. म्हणाले, "बाई, हमारे बच्चे पूछते थे, नाशिक में अपना कौन है. हम बोलते थे, दादी है."

मी वरणाचं भांडं उचललं आणि त्यांच्या पंगतीत वाढायला गेले.